दात्याला कायदा, याचकाला रांग

भुकेल्याला अन्न द्यावे, यात दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो देणारा आणि घेणारा यांच्या नात्याचा. अमेरिकेतील पहिली अन्नपेढी जॉन व्हॅन हेंगेल यांनी १९६७ मध्ये फिनिक्स येथे सुरू केली. वाया जाणारे अन्न गरजूंच्या मुखी पडावे, हा हेतू स्तुत्यच होता. परंतु १९८१ मध्ये रीगन सरकारने गरिबांच्या फूड स्टॅम्प योजनेला कात्री लावली, अन्नपेढ्यांपुढील रांगा वाढल्या आणि अडीअडचणीची सोय कायमची होऊन बसली.

तेथे अन्न देणाऱ्या कंपन्यांना करसवलत मिळते; सद्‌हेतूने दिलेल्या अन्नापासून अपाय झाल्यास १९९६ चा कायदा त्यांना संरक्षण देतो. घेणाऱ्याच्या पदरी मात्र अन्नपेढीवरील कोणताही हक्क पडत नाही. ब्रिटनमधील अनेक अन्नपेढ्यांत तर डॉक्टर वा समाजसेवकाच्या चिठ्ठीविना शिधा मिळत नाही.

भारतात २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबांस माणशी दरमहा ५ किलो धान्याचा हक्क दिला. ते न मिळाल्यास जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. या हक्काची अंमलबजावणी सदोष असेल. पण दाद मागणारा नागरिक असतो आणि केवळ आभार मानू शकणारा आश्रित. दानशूरांनी गोदामे अवश्य भरावीत; मात्र त्यांच्या कारभारात घेणाऱ्यांनाही मत असावे, आणि त्या गोदामांकडे बोट दाखवून कोणत्याही सरकारने आपली जबाबदारी झटकू नये.