अम्मींनी ओळखलेला टाकळा

‘चित्र काढा’ म्हटले की आमच्या वर्गातल्या सगळ्या वह्यांत एकच देखावा उगवतो. दोन त्रिकोणी डोंगर, मधून डोकावणारा सूर्य, एक झोपडी आणि वाकडा नारळ. भोरच्या शाळेच्या खिडकीबाहेर खरे डोंगर उभे आहेत, त्यांतला एकही त्रिकोणी नाही. फूल काढायला सांगा, पाच गोल पाकळ्या तयार. हे मुलांना कुणी शिकवले? आम्हीच, बी.एड. झालेल्यांनी!

म्हणून गेल्या पावसाळ्यात आम्ही बारा रंगांच्या वॉटरकलर पेन्सिलींचा डबा आणला आणि आधी स्वतः शिकायला बसलो. परीक्षक घरातच होत्या. आमच्या अम्मींचे माहेर वेल्ह्याकडे, तोरण्याच्या पायथ्याला. लिहिता-वाचता फारसे येत नाही, पण पहिल्या पावसानंतर बांधावर काय उगवते आणि त्यातले काय शिजवायचे, हे त्यांना तोंडपाठ. ही नावे आम्ही कधी लिहून घेतली नाहीत. आता त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे. पावसाळा संपला की ऑपरेशन करू, असे ठरले होते.

पहिले चित्र घरामागच्या टाकळ्याचे. अम्मींनी कागद डोळ्यांपाशी नेला आणि विचारले, “बेटा, ही मेथी का?”

आम्हाला रागच आला. त्यांनी टाकळ्याची फांदी मागवली आणि एका पानावरून बोट फिरवत मोजून दाखवले. “तीन जोड्या. टोकाची जोडी मोठी, देठाकडची लहान.” आमच्या चित्रात पाच जोड्या होत्या, सगळ्या एका मापाच्या. झाड समोर असताना आम्ही डोक्यातले पान काढले होते.

दुसरा प्रयत्न अस्रच्या नमाजनंतर सुरू केला. मगरिबपर्यंत टाकळ्याने पाने मिटून घेतली. तो रोज संध्याकाळी पाने मिटतो, हे इतकी वर्षे भाजी खाऊनही आमच्या लक्षात आले नव्हते. तेव्हापासून सकाळचीच वेळ धरली.

या पेन्सिलींचा रंग पाण्यात विरघळतो. आधी साध्या पेन्सिलीने हलकी आकृती, मग रंगीत पेन्सिलीने कोरड्या रेघा, मग ओला ब्रश, तोही फिकट भागाकडून गडद भागाकडे. उलट फिरवला की सगळे पान काळवंडते. डब्यातली हिरवी पेन्सिल जशीच्या तशी वापरली तर पान प्लास्टिकचे दिसते. खाली पिवळा, वर थोडा निळा आणि सावलीत किंचित तपकिरी दिला की पानात जीव येतो. पानावरची चमक म्हणजे कोरा ठेवलेला कागद, ती नंतर रंगवून आणता येत नाही. शिरा मात्र रंग पूर्ण वाळल्यावर कोरड्या पेन्सिलीने काढाव्यात. आणि ‘वाळल्यावर’ हाच श्रावणातला खरा पेच. भोरच्या दमट हवेत पातळ ड्रॉइंग पेपर पापडासारखा फुगतो. जाड कागद घ्या, पुठ्ठ्याला चारी बाजूंनी चिमटे लावा, ब्रश जुन्या सुती कपड्यावर टिपून घ्या आणि मधल्या वेळात चहा टाका.

पुढे नसरापूरवरून वेल्ह्याला जाताना मार्गासनीच्या पुढे कुंपणावर कळलावी फुललेली दिसली. उतरून रस्त्याकडेला बसलो. पाकळ्या सहा, पाच नव्हेत. त्या वर वळलेल्या, कडा नागमोडी, आधी पिवळसर आणि मग लाल होत जाणाऱ्या. काढता काढता दिसले की पानाचे टोकच लांबून धाग्यासारखे गुंडाळते आणि शेजारच्या काटकीला धरते. वेल चढते ती त्या टोकांच्या आधाराने. (कळलावी विषारी आहे, कंद तर फारच. मुले बरोबर असतील तर बघा आणि काढा, पण उपटू नका.)

एका विद्यार्थिनीच्या घरून विचारणा झाली, चित्र काढणे आपल्यात चालते का? प्रश्न अदबीने विचारला होता, उत्तरही तसेच दिले. ज्यात रूह नाही त्याचे, झाडाचे चित्र काढ, असे हजरत इब्ने अब्बास रजि. यांनी एका चित्रकाराला सांगितल्याची रिवायत बुखारी शरीफमध्ये आहे. मुलगी आता आमच्यापेक्षा बरी पाने काढते.

तिला आम्ही उस्ताद मन्सूरबद्दल सांगितले. जहांगीर बादशहाने त्याला ‘नादिर-उल-अस्र’ हा किताब दिला होता. काश्मीरमध्ये मन्सूरने शंभरावर फुले रंगवल्याची नोंद बादशहाने स्वतः केली आहे. दुसरी गोष्ट आपल्या पुण्याजवळची. दापोडीला इंग्रजांची वनस्पतीबाग होती, तिचे प्रमुख अलेक्झांडर गिब्सन. 1847 ते 1850 या काळात त्यांनी एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून झाडांची चित्रे काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपलेली आहेत. साहेबाचे नाव उरले, चित्रकाराचे हरवले. पण झाडे ओळखू येतात, इतक्या वर्षांनंतरही. मुलीने विचारले, “मग त्यांनी कोपऱ्यात सही का नाही केली?” आम्हाला उत्तर देता आले नाही.

मोहरमच्या सुट्टीत काढलेला टाकळा पाचवा की सहावा, आठवत नाही. तीन जोड्या, टोकाची मोठी, बगलेत दोन पिवळी फुले. अम्मींनी कागद खिडकीकडे धरला आणि बराच वेळ पाहिला.

“टाकळा आहे,” त्या म्हणाल्या. “पण फुलावर आलाय. आता भाजीला उपयोग नाही, आधी का नाही खुडला?”

त्याच दिवशी चित्राखाली नाव लिहिले, आणि दुसऱ्या कोऱ्या कागदावर त्यांनी सांगितले तसे लिहीत गेलो: कुर्डू, भारंगी, करटुली, चाईचा मोहोर. चाई आम्ही अजून पाहिलेली नाही. ऑपरेशन झाले की अम्मी वेल्ह्याला येऊन दाखवणार आहेत.