अंगठा कुणाचा, लगाम कुणाचा

२३ ऑक्टोबर १९२९. धुळ्याहून मुंबईला परतताना बाबासाहेब चाळीसगावला उतरले. महाराला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. टांगा भाड्यानं मिळाला, लगाम धरला आपल्यातल्याच एकानं. त्याला हाकण्याची सवय नव्हती. पुलावर चाक अडकलं, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला. त्या माणसाचं मन साफ होतं, तरी ही गत. मग मनात पाप असलेल्याच्या हाती लगाम गेला तर?

मी चाळीसगावचाच. मुंबईच्या गोदीत हमाली करतो. भीमजयंतीला घरी गेलो तर आजीनं पेटीतून कागद काढला. "मृत्युपत्र केलं रे पोरा. मी मेल्यावर वतनाची जमीन तुला." गावातल्या एका शिकलेल्यानं अंगठा घेतला होता. वाचलं, तर ते कुलमुखत्यारपत्र!

दोस्तांनो, फरक ध्यानात घ्या. मृत्युपत्र माणूस मेल्यावर जागं होतं; जिवंत आहे तोवर तो ते कितीदाही बदलू शकतो. त्याला दोन साक्षीदार लागतात, पण ते अंगठ्याचे साक्षीदार, मजकुराचे नाहीत. त्यात नेमलेला व्यवस्थापक वाटून देणारा, मालक नाही. मुखत्यारपत्र उलटं. ते जितेपणीच चालतं, मालक मेला की सहसा तेही मेलं. मुखत्यार म्हणजे मालकाचा उसना हात. नुसत्या कुलमुखत्यारपत्रानं जमिनीची मालकी जात नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०११ साली बजावलंय.

तरी आपल्याकडे हाच कागद का फिरतो? १९५८ च्या कायद्यानं वतनं गेली, जमिनी नवीन शर्तीनं आपल्या नावावर आल्या. कलेक्टरच्या परवानगीशिवाय त्या विकता येत नाहीत. ज्याला सरळ घेता येत नाही, तो आधी मुखत्यार होतो. २०२५ साली पुण्यात मुंढव्याच्या महार वतनाच्या जमिनीचा व्यवहार गाजला, तिथंही मुखत्यारपत्रच पुढं आलं.

आजीनं त्याच अंगठ्यानं तो कागद रद्द केला. मुखत्याराला नोटीस धाडली, सबरजिस्ट्रारकडे रद्दलेख नोंदवला. माझे चार खाडे पडले, जमीन राहिली.

पोरांनो, कविता रात्री लिहू. आधी घरची पेटी उघडा. प्रत्येक कागदाला विचारा: देतो कोण, घेतो कोण, कधीपासून? वाचता येणाऱ्या पोराच्या घरात न वाचलेल्या कागदावर अंगठा उठला, तर गुन्हेगार आपणही आहोत.