पाच हजारांच्या आतली चोरी

नुंगंबाक्कम हा चेन्नईचा सुखवस्तू भाग. हॅडोज रोडवर केंद्र सरकारचे शास्त्री भवन, महात्मा गांधी रस्त्यावर आयकर खात्याची कचेरी. त्यामुळे बदलीवर तेथे गेलेल्या मराठी अधिकाऱ्यांना हा परिसर परका नाही. जुन्या बंगल्यांच्या जागी सदनिका आल्या, मोटारी वाढल्या आणि आवारात न मावणारी गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहू लागली. अशा गाडीचा सकाळी कधी आरसा नसतो, कधी व्हीलकॅप, कधी स्टेपनी. अनुभव पुण्या-दिल्लीतही हाच आहे. त्यानंतर पोलीस ठाण्यात काय होते, हा प्रश्न मात्र थेट संसदेपर्यंत पोहोचतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तिच्या कलम ३०३ नुसार चोरीच्या वस्तूची किंमत पाच हजार रुपयांहून कमी असेल, आरोपी प्रथमच दोषी ठरत असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा होते. भुरट्या चोराला सराईतांच्या कोठडीत ढकलू नये हा हेतू योग्यच आहे. अडचण नव्या प्रक्रिया संहितेच्या पहिल्या परिशिष्टात आहे. तेथे या प्रकारची चोरी अदखलपात्र व जामीनपात्र ठरवली आहे. अदखलपात्र म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाविना पोलिसांना तपास करता येत नाही. ठाण्यात फक्त नोंद होते आणि तक्रारदाराला न्यायालयाची वाट दाखवली जाते.

यातील विसंगती पाहण्यासारखी आहे. चोर प्रथमच दोषी ठरतो आहे की नाही आणि तो वस्तू परत करणार की नाही, या दोन्ही गोष्टी चोर सापडल्यावरच कळणार. तो सापडण्यासाठी तपास हवा. पण तपासाचा दरवाजा मात्र तो नवखा व पश्चात्तापी आहे असे आधीच गृहीत धरून बंद होतो!

संहितेत कठोर कलमे नाहीत असे नव्हे. कलम ११२ मध्ये टोळीने केलेल्या ‘किरकोळ संघटित गुन्हेगारी’त वाहनातील चोरीचा स्पष्ट उल्लेख असून शिक्षा एक ते सात वर्षांची आहे. प्रवासी वा माल वाहून नेणाऱ्या वाहनातील वस्तू चोरल्यास कलम ३०५ खाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दारासमोरची खासगी मोटार या व्याख्येत बसते काय, आरसा ही वाहनातील वस्तू की वाहनाचाच भाग, यावर वकिलांनी खुशाल खल करावा. ठाण्यात उभ्या असलेल्या, तमिळ न येणाऱ्या तक्रारदाराला तो करता येत नाही. कलम कोणते लागणार हे अंमलदार ठरवतो, आणि कमी कामाचे कलम निवडण्याचा मोह सर्वत्र सारखाच असतो. प्रथम माहिती अहवालाशिवाय विम्याचा दावा सहसा पुढे सरकत नाही. सरकला तरी पाच दावारहित वर्षांत साठलेली पन्नास टक्क्यांची ‘नो क्लेम बोनस’ सवलत पणाला लागते. व्यवहारी माणूस मग गुपचूप नवा आरसा आणतो आणि गुन्ह्यांचे आकडे आपोआप सुधारतात.

ही तरतूद संसदेतून कशी निसटली? विधेयके ११ ऑगस्ट २०२३ रोजी मांडली गेली. ब्रिजलाल यांच्या अध्यक्षतेखालील गृहविषयक स्थायी समितीने ती तपासली. सुधारित विधेयके लोकसभेने २० डिसेंबरला आणि राज्यसभेने २१ डिसेंबरला संमत केली. त्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांतील १४६ विरोधी सदस्य निलंबित झाले होते. त्यांत चेन्नईच्या बाजूने बोलू शकणाऱ्या कनिमोळी होत्या, तशाच सुप्रिया सुळे आणि अमोल कोल्हेही. परिशिष्टातील बारीक टंकाच्या ओळी वाचून सरकारला अडवणे हे विरोधी बाकांचे काम. ती बाके जवळजवळ रिकामी असताना ते कोणी करायचे?

पुढे तामिळनाडूत वाद झाला, पण त्यात कायद्यांच्या हिंदी-संस्कृत नावांचा मुद्दा ठळक राहिला. राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती एम. सत्यनारायणन यांची एकसदस्यीय समिती नेमली. फौजदारी कायदा व प्रक्रिया समवर्ती सूचीत असल्याने राष्ट्रपतींच्या संमतीने राज्याला दुरुस्ती करता येते. परिशिष्टातील ही एक नोंद बदलणे नावाच्या वादापेक्षा नागरिकांच्या अधिक उपयोगाचे ठरेल. मुंबईलाही ती वाट मोकळी आहे.

चोरापाठोपाठ प्रश्न येतो तो बाजाराचा. नुंगंबाक्कमपासून फार दूर नसलेले पुदुपेट हे जुन्या सुट्या भागांचे मोठे केंद्र. तेथील सारेच व्यापारी चोरीचा माल घेतात असे म्हणणे अन्यायाचे होईल; पण आरशावर ओळखीचा क्रमांकच नसेल तर सचोटीच्या व्यापाऱ्याने तरी फरक कसा करावा? मेरठच्या सोतीगंज बाजारावर २०२१ मध्ये कारवाई झाली आणि पंतप्रधानांनी त्याचा उल्लेख जाहीर सभेत केला. बाजाराला टाळे लावणे निवडणुकीच्या व्यासपीठावर शोभून दिसते. अमेरिकेने १९८४ मध्ये वेगळी वाट धरली आणि अधिक चोरी होणाऱ्या मोटारींच्या प्रमुख भागांवर ओळखक्रमांक बंधनकारक केला. आपल्याकडे सक्ती आहे ती इंजिन व चासीच्या क्रमांकांची. सुट्या भागांवर सूक्ष्म ठिपके उमटवण्याच्या नियमांचा मसुदा नितीन गडकरी यांच्या मंत्रालयाने जुलै २०१९ मध्ये काढला होता. त्याच मंत्रालयाने २०२१ मध्ये वाहने मोडीत काढणाऱ्या केंद्रांच्या नोंदणीचे नियम केले, त्यामुळे तेथे येणाऱ्या गाडीची नोंद राहते. रस्त्यावरच्या गाडीतून रात्री निघालेल्या आरशाची मात्र कोठेच नोंद नाही. ना दुकानदाराच्या वहीत, ना आता पोलिसांच्या तपासात.