पडीत मोडा, पण रस्त्यावर मोडू नका



कापसाची उलंगवाडी झाली की वलगावपासून दर्यापूर-मूर्तिजापूरपर्यंत गावोगाव एकच बोलणे सुरू होते. कोणाच्या पोराने जुना ट्रॅक्टर पाहून ठेवला, कोण जेसीबीत भागीदारी करतो, कोणी पोकलेन भाड्याने आणायचा बेत करतो. कामाला तोटा नाही. धुऱ्यावरच्या बाभळी काढायच्या, वर्षानुवर्षे पडीत राहिलेले रान मोडायचे, कुंदा-हराळीचे वावर खोल नांगरायचे, बांध घालायचे. सालदार मिळत नाही, बैलजोडी परवडत नाही, म्हणून यंत्राला मागणी आहे. कोरडवाहू कापूस-ज्वारीत हाती काही उरत नाही, म्हणून शेतकऱ्याचा पोरगा शेतकऱ्याचेच काम यंत्राने करून चार पैसे मिळवू पाहतो. यात वावगे काही नाही. या पोरांच्या पाठीशी उभे राहिले पाहिजे.

पण एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगितली पाहिजे. या धंद्यातला पैसा वावरात मिळतो आणि रस्त्यावर बुडतो. यंत्र एका शिवारातून दुसऱ्या शिवारात न्यायचे म्हणजे सडक लागते आणि सडकेवर कायदा उभा असतो. त्या कायद्यातला काही भाग माणसाच्या जिवासाठी आहे, तो आपण न सांगता पाळला पाहिजे. काही भाग नुसता अडवणुकीचा आहे, त्याच्याशी भांडले पाहिजे. पण भांडायला उभे राहायचे तर आधी आपले कागद चोख लागतात. ज्याच्या खिशात लायसन्स नाही, त्याच्या तोंडी लायसन्सराजविरुद्धची भाषा शोभत नाही.

हंगाम नव्वद दिवसांचा, हप्ता बारा महिन्यांचा

आधी हिशेब पाहू. पऱ्हाटी निघाल्यापासून मृगाच्या पावसापर्यंत काम चालते. मृग पडला की आपल्या काळ्या जमिनीत यंत्र रुतते, आणि रान पेरणीला लागते. म्हणजे हाती धरून नव्वद दिवस. समजा, यंत्राचा हप्ता महिन्याला ५० हजार रुपये आहे. वर्षाचे झाले सहा लाख. ते नव्वद दिवसांत काढायचे तर रोजचे ६ हजार ६६६ रुपये आधी बँकेचे. डिझेल, ड्रायव्हर, दुरुस्ती, टायर हे त्याच्यावर. आता एखादा कागद नाही म्हणून यंत्र वीस दिवस ठाण्यात किंवा तहसीलच्या आवारात उभे राहिले, तर नुसत्या हप्त्याचे सव्वा लाखावर गेले. दंड वेगळा, आणि बुडालेली गिऱ्हाईके वेगळी.

कारखानदाराचा कागद महिनाभर लांबला तर त्याचा एक महिना जातो. या पोराचा कागद महिनाभर लांबला तर त्याचा हंगामाचा तिसरा हिस्सा जातो. हा फरक सरकारदरबारी कोणी मोजत नाही. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या भागात ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला आणि त्याची जागतिक विक्रमात नोंद झाली. मनात आणले तर कामे किती वेगाने होतात, हे आपण आपल्या डोळ्यांनी पाहिले आहे. मग त्याच रस्त्यावरून यंत्र न्यायचा कागदही त्याच वेगाने का मिळू नये?

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा १९८८ सालचा आणि त्याखालचे केंद्रीय नियम १९८९ चे. त्यातल्या चार गोष्टी यंत्र घेण्याआधी समजून घ्या.

पहिली, ट्रॅक्टर. नियमांच्या व्याख्येत शेतीचा ट्रॅक्टर हे मालवाहतुकीचे वाहन नाही. औजारे लावून शेतातली कामे करण्यासाठी आणि ट्रॉली लावून शेतीचा माल नेण्यासाठी तो बनवलेला, असे ती व्याख्या सांगते. ट्रॉलीची नोंदणी मात्र वेगळी लागते. ट्रॅक्टर चालवण्याचे लायसन्स असलेला माणूस ट्रॉली जोडली म्हणून अपात्र ठरत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००१ सालचा निकाल आहे.

दुसरी, जेसीबी. चाकांवर चालणारी अशी यंत्रे २००० सालापासून नियमांत ‘बांधकाम यंत्र वाहन’ म्हणून वेगळी धरली आहेत. तीही मालवाहतुकीची वाहने नाहीत. पण तिथे एक मेख आहे. रस्त्यावर चालणे हे तिचे मुख्य काम नाही. ते कामापुरते, थोड्या वेळाचे आणि ताशी ५० किलोमीटरच्या आत असावे, असे नियम म्हणतो. वलगावहून शेजारच्या शिवारात जेसीबी चालवत नेणे यात बसते. वलगावहून अकोल्यापलीकडे नेणे यात बसते असे मानून निघू नका. शिवाय ड्रायव्हरच्या लायसन्सवर त्या प्रकारच्या यंत्राची नोंद आहे का, हे त्याला कामावर घेण्याआधी पाहा.

तिसरी, पोकलेन. लोखंडी पट्ट्यांवरचे यंत्र सडकेवरून चालवता येत नाही, ते ट्रेलरवर चढवूनच न्यावे लागते. तो ट्रेलर ओढणारी गाडी मालवाहू वाहन ठरते. ‘माझेच यंत्र माझ्याच गाडीवर’ ही सबब इथे चालत नाही. एकूण वजन ३ हजार किलोच्या वर असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागते, फिटनेस लागते, आणि चालवणाऱ्याला त्या वर्गाचे लायसन्स लागते. गाडीची रुंदी साधारणपणे २.६ मीटरच्या आत हवी आणि मोठ्या पोकलेनचे पट्टे बहुधा त्याहून रुंद असतात. अशा मालाला वेगळी परवानगी आधी घ्यावी लागते. माल गाडीच्या बाहेर आला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात २० हजारांचा दंड आहे. वजन जास्त भरले तर २० हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. परमिट नसेल तर १० हजारांपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद.

चौथी, ड्रायव्हर. ही बातमी आपल्या सोयीची आहे. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने ठरवून दिले की, हलक्या वाहनाचे लायसन्स असलेला माणूस एकूण ७ हजार ५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन वेगळ्या नोंदीशिवाय चालवू शकतो. कोणी अडवले तर हा निकाल सांगा. त्यावरच्या जड गाडीला मात्र वेगळे लायसन्स लागतेच. त्यासाठी वय २० पूर्ण हवे आणि हलक्या वाहनाचे लायसन्स वर्षभर जुने हवे. आठवी पासची अट २०१९ साली निघाली, ही गोष्ट अनेकांपर्यंत पोचलेलीच नाही. शाळा सुटलेल्या पोरालाही आता रीतसर लायसन्स काढता येते.

झाड आणि माती

वावर साफ करताना निघते ते लाकूड आणि माती. दोन्हींवर कायद्याची नजर आहे. १९६४ च्या महाराष्ट्र झाडतोड कायद्याच्या यादीत साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, खैर, चंदन अशी झाडे आहेत. मालकाच्या स्वतःच्या वावरात असली तरी ती परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. बाभळीचे तसे नाही. पण तोडायला मोकळीक आहे म्हणून वाहून न्यायलाही मोकळीक आहे असे धरू नका. कोणत्या लाकडाला वाहतूक पास लागतो, ते वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी विचारा आणि उत्तर लेखीच घ्या.

मातीचेही असेच. ३ फेब्रुवारी २००० च्या केंद्राच्या अधिसूचनेने भराव, रस्ते, रेल्वे, इमारती यांच्या बांधकामात भरण्यासाठी वा सपाटीसाठी वापरलेली साधी माती गौण खनिज ठरवली. शेतातली माती शेतातच फिरवून सपाटी केली तर ती त्या व्याख्येत येत नाही. पण तीच माती किंवा मुरूम ट्रॉलीत भरून कोणाच्या घराच्या पायात टाकला की महसूल संहितेचे कलम ४८ उभे राहते. बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो, वर यंत्र आणि गाडी दोन्ही जप्त होऊ शकतात. परतीची फेरी रिकामी कशाला, म्हणून हजार-पाचशेचा मुरूम भरायचा आणि लाखोंचे यंत्र अडकवायचे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, तो हाच.

शेत कोणाचे, हे व्याख्या विचारत नाही

आता भांडणाचा मुद्दा. ट्रॅक्टर घरच्या वावरात नांगरतो तेव्हा ती शेती, आणि भाड्याने शेजाऱ्याच्या वावरात नांगरतो तेव्हा तो धंदा, असे सांगून पावती फाडणारे साहेब ठिकठिकाणी भेटतात. त्यांना व्याख्या वाचून दाखवा. तिच्यात शेतातले काम आहे, शेतीचा माल आहे. शेत कोणाचे, हा प्रश्नच तिच्यात नाही. भाड्याने नांगरले म्हणून नांगरणीची वाहतूक होत नाही.

सरकारचे बोलणे एक आणि चालणे दुसरे. २०१४-१५ पासून केंद्राच्या यांत्रिकीकरण योजनेतून गावोगाव अवजार बँका काढायला अनुदान मिळते. म्हणजे यंत्र भाड्याने देणे हे शेतीचेच काम आहे, हे सरकारने स्वतः मान्य केले आहे. २०१७ पासून गाळमुक्त धरण योजनेत धरणातला गाळ शेतात न्या म्हणून शेतकऱ्याला सांगितले जाते. १९४९ साली तर मध्य भारतातले कांस गवत उखडायला भारत सरकारने जागतिक बँकेकडून १ कोटी डॉलरचे कर्ज काढून ट्रॅक्टर आणले. तेव्हा पडीत मोडणे हे राष्ट्रकार्य होते. आज व्याजाने पैसे काढून आपला पोरगा कुंद्याचे रान मोडतो, तर त्याच्याकडे चोरासारखे पाहिले जाते. १९९१ च्या जुलैत बहुतेक कारखान्यांची लायसन्से उठली. ती मोकळीक शिवाराच्या वाटेवर अजून पोचायची आहे.

जिवाचा नियम आपलाच

पण याचा अर्थ सगळे नियम झुगारा असा नाही. रात्री बिनदिव्याची, बिनरिफ्लेक्टरची ट्रॉली सडकेवर उभी असते. तिच्यावर आदळतो तो मोटारसायकलवरून बाजारातून परतणारा आपल्यासारखाच शेतकरी. ट्रेलरवरचे यंत्र साखळदंडाने चौकडून न आवळता नेले आणि वळणावर सरकले, तर खाली मरतो तोही आपलाच. हे नियम कोणी साहेब नसला तरी पाळायचे आहेत.

आणि विमा. पॉलिसीवर ‘वापराची मर्यादा’ म्हणून एक ओळ असते. ती वाचल्याशिवाय यंत्र घराबाहेर काढू नका. भाड्याचे काम त्यात वगळलेले असेल, तर जास्तीचा हप्ता भरून ते घालून घ्या. अपघात झाला आणि विमा कंपनीने हात वर केले, तर भरपाई मालकावर येते. ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्याची तरतूद कायद्यात आहे. म्हणजे प्रकरण थेट सातबाऱ्यापर्यंत जाते. दुसऱ्याचे पडीत मोडायला निघालेल्या पोराचे स्वतःचे वाहीत वावर लिलावात जाऊ शकते. दंडाच्या पावतीपेक्षा हा धोका किती तरी मोठा आहे.

मी शेतकी शिकलो म्हणून कामाचेही थोडे सांगतो. वरची माती दाताळ्याने ओरबाडून धुऱ्याला लोटली, की खालची चुनखडी वर येते आणि पुढची कित्येक वर्षे पऱ्हाटी पिवळी पडते. झुडूप मुळासकट काढा, माती झटकून जागीच सोडा. कुंद्याचे रान चैत्र-वैशाखातच नांगरा, म्हणजे काश्या उन्हात वाळतील आणि वेचता येतील. उताराच्या धुऱ्यावरची सगळी झाडे काढू नका, पहिल्याच पावसात धुरा वाहून जाईल. जो यंत्रवाला गिऱ्हाइकाचे वावर राखतो, त्यालाच पुढच्या साली बोलावणे येते.

बैठकीत काय करायचे

एकेकट्याने या कागदांमागे फिरलात तर दलालाच्या हाती सापडाल. पाच-सहा यंत्रवाल्यांनी गट करावा. सगळ्यांचे कागद एकाने सांभाळावे. भारी ट्रेलर प्रत्येकाने घेऊ नये. गटाने एक घ्यावा, किंवा रीतसर परमिट असलेल्याचा भाड्याने लावावा. पौष-माघात कागद पुरे करावे, उलंगवाडीनंतर धावाधाव नको.

आणि जिल्हा बैठकीत तीन मागण्यांचा ठराव व्हावा. दुसऱ्याच्या शेतात भाड्याने केलेले शेतीकाम हे शेतीकामच आहे, असे परिवहन खात्याने लेखी परिपत्रक काढावे. जमीन सुधारण्याची यंत्रे जिल्ह्यात व शेजारच्या जिल्ह्यात नेण्यासाठी फेब्रुवारी ते जून असा एकच हंगामी परवाना मिळावा. आणि यंत्र पकडले तर कोणत्या कलमाखाली पकडले, याचा लेखी कागद त्याच दिवशी मालकाच्या हातात पडावा.

वलगावजवळ पेढीच्या काठी २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. दुसऱ्याला सांगण्याआधी ते स्वतः झाडू हातात घेत. आपणही सरकारकडे बोट दाखवण्याआधी आपले घर झाडून घेऊ. येत्या बैठकीला प्रत्येक यंत्रवाल्याने आरसी बुक, विम्याची पॉलिसी आणि ड्रायव्हरचे लायसन्स सोबत आणावे. तिथेच बसून एकेक कागद तपासू. जे कमी असेल त्याची यादी करू. मग त्याच यादीसह सगळे मिळून अमरावतीच्या परिवहन कार्यालयात जाऊ.