आजाराचे बिल कोणाच्या नावावर?

कवी वरवरा राव आणि फादर स्टॅन स्वामी हे दोघेही एल्गार परिषद प्रकरणातले आरोपी, ऐंशी ओलांडलेले आणि तळोजा कारागृहातले. दोघांवरही आरोप सिद्ध झालेले नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाने दोघांनाही खासगी रुग्णालयात हलवायला लावले. नोव्हेंबर २०२० मध्ये राव नानावटीत गेले, तेव्हा खर्च राज्य सरकारने करायचा असे ठरले. मे २०२१ मध्ये कंपवाताने खंगलेले स्वामी वांद्र्याच्या होली फॅमिलीत गेले ते स्वखर्चाने. कारागृह एकच, न्यायालय एकच, मध्ये जेमतेम सहा महिने. ५ जुलैला स्वामींचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या जामिनाची सुनावणी सुरूच होती.

याच प्रकरणातले आरोपी असलेल्या गौतम नवलखा यांना नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रकृतीच्या कारणावरून नजरकैद मिळाली. पुढे पहाऱ्याच्या खर्चापोटी तपास यंत्रणेने त्यांच्याकडे १ कोटी ६४ लाखांची मागणी केली. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या जामिनावरची स्थगिती उठवली, तीही २० लाख भरण्याच्या अटीवर. पहाऱ्याचे बिलही पहाऱ्यातल्या माणसालाच.

ही नावाजलेली माणसे. त्यांच्यामागे नामांकित वकील होते. बाकीच्यांचे काय? देशातल्या कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कच्चे, म्हणजे खटला न संपलेले, कैदी आहेत. अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल, शिक्षा झालेल्यांसाठी असते. कच्च्या कैद्याला जामिनाखेरीज वाट नाही. तिथेही कायद्याची तऱ्हा पाहा. आर्थिक गैरव्यवहार प्रतिबंधक कायद्यातल्या जामिनाच्या कडक अटींतून आजारी आणि अशक्त आरोपीला सूट मिळू शकते. एल्गार प्रकरणात लावलेल्या बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायद्यात, म्हणजे यूएपीएत, तशी सूटच नाही. पैशाच्या अफरातफरीत आजार दिसतो, दहशतवादाच्या आरोपात दिसत नाही, असे काही संसदेला म्हणायचे नसेल. पण कायदा तसाच वाचला जातो. साध्या कैद्याला सिव्हिल रुग्णालयात न्यायचे तरी पोलिसांची कैदी पार्टी, म्हणजे सोबतीची तुकडी, लागते. बंदोबस्तात माणसे अडकली की तपासणीची तारीख हुकते, आणि कर्करोग पुढच्या तारखेची वाट पाहत नाही.

म्हणून ‘गंभीर आजारी कैद्यांना सोडा’ ही मागणी मला रास्त वाटते, तरी अर्धवटही वाटते. कोठडीत मृत्यू झाला तर न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी लागते. जामिनावर सुटलेला माणूस चार दिवसांनी घरी वारला, तर ती आपोआप लागत नाही. वर्षभर उपचार रखडवायचे आणि शेवटच्या आठवड्यात माणुसकीच्या नावाने दार उघडायचे, हा प्रशासनाला सगळ्यात स्वस्त पडणारा मार्ग आहे: रुग्णालयाचे बिल कुटुंबाकडे जाते आणि मृत्यू कारागृहाच्या नोंदवहीबाहेर. सुटकेचे नियम सैल करताना कोठडीत बळावलेल्या आजाराचा खर्च सुटकेनंतरही सरकारवरच राहील, एवढे सुटकेच्याच आदेशात लिहिले गेले नाही, तर ज्या घरात औषधाला पैसे नाहीत त्या घरच्यांना जामीन मिळाल्याचा दिवसही धास्तीचाच वाटेल.