बोलक्या भिंतींना थोडं गप्प बसू द्या

मागच्या महिन्यात आमच्या शाळेत तपासणी होती. आलेल्या साहेबांनी वर्ग बघितला, समाधानानं मान हलवली आणि म्हणाले, "मॅडम, भिंती छान बोलक्या केल्यात." मग एका भिंतीपाशी थांबून विचारलं, "ही एक रिकामी कशी काय?" ती रिकामी नव्हती. तिच्यावर एक चित्र होतं. फक्त एकच चित्र, काचेत बसवलेलं. त्यावर एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं, म्हणून साहेबांना ती रिकामी वाटली.

या एका भिंतीसाठी मी गेली तीन वर्षं भांडतेय, म्हणून आज लिहायला बसले.

आपल्या शाळांच्या भिंती आठवून बघा. बाराखडी, पाढे, ऋतूंचं चक्र, शरीराचे अवयव, पाण्याचे स्रोत, वर सुविचार. हे सगळं हवंच, त्याला माझा विरोध नाही. पण मूल पाच-सहा तास जिथं बसतं तिथली प्रत्येक वीतभर जागा त्याला काहीतरी शिकवायलाच बसलेली असते. लातूरला माझं माहेर. तिथं तर रस्त्यावरचे बोर्डसुद्धा मुलांना सोडत नाहीत. चौकाचौकात गुणवंतांचे फोटो आणि टक्के. घरी आलं की टीव्हीच्या मागच्या भिंतीवर सात पांढरे घोडे उधळलेले. ते प्रगतीसाठी चांगले असतात म्हणे. नुसतं बघत बसावं, कुणी काही विचारणार नाही, असं मुलाच्या वाट्याला काय येतं?

म्हणून चित्र. खरं चित्र आपल्याला परवडणार नाही आणि नांदेड-लातूरच्या आसपास बघायलाही मिळणार नाही. मग छापील चित्र. इथं बरेचजण नाक मुरडतात, "छापलेलंच ना ते, कॅलेंडर!" त्यांच्यासाठी थोडा इतिहास सांगते.

राजा रविवर्मांची तैलचित्रं बडोदा, म्हैसूरसारख्या राजवाड्यांत होती. ती सामान्य माणसाला कधी दिसली असती? १८९४ साली त्यांनी मुंबईत गिरगावात शिळाछापखाना काढला. यंत्रं आणि तंत्रज्ञ जर्मनीहून आणले. पुढं तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. एका चित्रासाठी प्रत्येक रंगाचा वेगळा दगड. त्यावर चित्र उतरवायचं आणि त्याच कागदावर एकेक रंग बरोबर जागेवर बसवत छापत जायचं. दगड केसभर हलला तरी लक्ष्मीचे ओठ गालावर जायचे. या छापखान्यानं रविवर्मांना कर्जात घातलं, शेवटी तो त्यांनी श्लायशर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाला विकला. पण लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला घराघरात पोचल्या त्या या कागदावरून. ज्यांना देवळाच्या पायरीवरच अडवलं जायचं त्यांच्या घरातही देव आला. आपल्या डोळ्यांसमोर लक्ष्मी आली की ती कमळावर उभी, चार हातांची, काठापदराच्या साडीतली का येते? याचं बरंचसं उत्तर त्या छापखान्यात आहे.

आमच्या आजीकडं अशी एक लक्ष्मी होती. साडीच्या जागी आजीनं की तिच्या सासूनं खरी जर आणि टिकल्या चिकटवल्या होत्या. तेव्हा बायका हौसेनं असं करत. लहानपणी मी तासन्‌तास त्या टिकल्या मोजायची. खालच्या कडेला बारीक इंग्रजी अक्षरं होती, त्यात लोणावळ्याचं नाव होतं, एवढं पक्कं आठवतं. त्याचा अर्थ कळायला मला चाळीशी गाठावी लागली. तोवर घराचं काम निघालं होतं. काचेला तडा गेलेला, आणि तडा गेलेला देव घरात ठेवू नये म्हणून भावानं ती तसबीर पिंपळाखाली नेऊन ठेवली. दिवाळीला गेल्यावर मी विचारलं तर म्हणाला, "अगं ताई, ते जुनं झालं होतं." मी पारावर जाऊन आले. दोन पाऊस होऊन गेले होते. त्याच्यावर राग नाही, मलाही आधी कुठं माहीत होतं? आता त्या भिंतीवर सात घोडे आहेत.

शाळेतलं पहिलं चित्र मी एका जुन्या कॅलेंडरवरून कापून फ्रेम केलं होतं. हातात समई धरलेली, दुसऱ्या हातानं ज्योतीला आडोसा करणारी तरुणी. तुम्ही ते नक्की पाहिलं असेल. त्याखाली 'राजा रविवर्मा' छापलं होतं, म्हणून मीही वर्गात दोन वर्षं तेच सांगितलं. मग एका मे महिन्यात आम्ही म्हैसूरला गेलो आणि जगनमोहन राजवाड्यातल्या कलादालनात ते मूळ चित्र समोर उभं! चित्रकाराचं नाव, सावळाराम लक्ष्मण हळदणकर. आपल्या सावंतवाडीचे. मुंबईच्या जे.जे. मध्ये शिकलेले. १९४५-४६ च्या सुमारास काढलेलं हे चित्र, समोर उभी त्यांची स्वतःची मुलगी गीता, आणि तेही तैलरंगात नव्हे, जलरंगात. जलरंगात चुकलं की पुसून परत रंगवता येत नाही, हे ज्यांनी कधी ब्रश धरलाय त्यांना माहीत आहे. मराठी माणसाचं इतकं नावाजलेलं चित्र मी मराठी मुलांना दुसऱ्याच्या नावानं शिकवत होते. जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्याच दिवशी वर्गात कबूल केलं. मुलांना फार मजा वाटली, मॅडमचं चुकलं म्हणून. तेव्हापासून आमचा नियम आहे. चित्राशेजारी छोटा कागद, त्यावर चित्रकाराचं नाव, साल, माध्यम आणि मूळ चित्र कुठं आहे ते. बाकी काही नाही.

याच चित्रापुढं सहावीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत रोज उभी राहायची. गणितात कच्ची, बोलायला त्याहून कच्ची. एक दिवस म्हणाली, "मॅडम, हिची बोटं लाल कामून दिसायलीत?" मी काहीतरी उत्तर देणार होते, पण थांबले. दारं-खिडक्या लावल्या, मोबाईलचा टॉर्च तिच्या हाती दिला आणि म्हटलं, धर तळहाताखाली. बोटांच्या कडा लाल झाल्या. वर्गभर "ओऽऽ" झालं. मग प्रत्येकाला टॉर्च हवा. ती म्हणाली, "म्हणजे त्यानं बघून काढलंय." वर्षभरात तिनं वर्गात सगळ्यांसमोर बोललेलं ते पहिलं पूर्ण वाक्य. हे मी कुठल्या रकान्यात भरू?

आता कुणी म्हणेल, चित्रकलेचा तास असतो की. असतो, वेळापत्रकात. परीक्षा जवळ आल्या की पहिला बळी कोणत्या तासाचा जातो, ते आपण सगळे जाणतो. एलिमेंटरी, इंटरमिजिएटला मुलं बसतात, दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून पालकही खूश. पण दोन्ही परीक्षा पास झालेल्या पोरानं एकही चांगलं चित्र दहा मिनिटं बघितलेलं नसतं.

अजिंठ्याचंच घ्या. आपल्याच मराठवाड्यातलं. सहल जाते, पहिल्या लेण्यात अंधार, गर्दी, मागून "चला चला". पद्मपाणी पुढं असतो आणि मुलं चप्पल शोधत असतात. मागच्या वर्षी मी सहलीआधी महिनाभर पद्मपाणीचं छापील चित्र भिंतीवर लावलं. लेण्यात गेल्यावर पोरं ओळखीचं माणूस भेटल्यासारखी ओरडली. तसंही अजिंठा जगाला आधी कळला तो नकलांवरूनच. रॉबर्ट गिलनं वर्षानुवर्षं खपून केलेल्या नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग १८७२ पासून ग्रिफिथ्स आणि जे.जे. ची मुलं तेरा वर्षं नकला करत बसली, त्यातल्याही बऱ्याच १८८५ च्या आगीत गेल्या. निजामाच्या काळात याझदानींनी रंगीत छपाईचे मोठे खंड काढले. नक्कल म्हणून हिणवायचं असेल तर या सगळ्यांना हिणवावं लागेल.

करायचं कसं, असं काही पालकांनी विचारलं म्हणून थोडं सांगते. रविवर्मांच्या चित्रांवर आता कुणाचा हक्क नाही, चांगली प्रत शोधून छापता येते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानं जुनी हजारो चित्रं मोठ्या आकारात सगळ्यांसाठी खुली केली आहेत. त्यात होकुसाईची ती प्रसिद्ध लाट आहे. गंमत म्हणजे ती मुळातच लाकडी ठशानं छापलेली, तिथं 'खरं' चित्र वेगळं नाहीच. हळदणकरांना जाऊन साठ वर्षं व्हायची आहेत, त्यामुळं त्यांचं चित्र विकतच घ्यावं. फ्लेक्सवर छापू नका, चकाकी येते आणि चित्र दिसतच नाही. जाड, बिनचकाकीचा कागद घ्या. फ्रेमवाल्याला सांगून काच आणि कागद यांच्यात पुठ्ठ्याची चौकट ठेवून घ्या, नाहीतर कागद काचेला चिकटतो. आपल्याकडचं ऊन कसं आहे ते काय सांगू? समोरच्या खिडकीतून दुपारचं ऊन येत असेल त्या भिंतीवर लावलं तर दोन उन्हाळ्यांत लाल रंग उडतो. आणि मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा. आपल्या नव्हे.

घरी जुन्या तसबिरी असतील तर देण्याआधी एक काम करा. काच पुसा, खालची कड वाचा, आणि विज्ञान पेटीतलं भिंग लावून बघा. आजच्या छपाईत रंगांचे ठिपके ओळीत, शिस्तीत दिसतात. दगडावरच्या छपाईत ते रांगोळी विस्कटल्यासारखे असतात. मी हे वर्गात करून घेतलं. दुसऱ्या दिवशी एक मुलगा घरून कृष्णाची तसबीर पोत्यात गुंडाळून सायकलवर घेऊन आला. ठिपके ओळीत होते, आताची छपाई निघाली. तो जरा हिरमुसला. मग म्हणाला, "मॅडम, तरी बी ठेवू का इथं थोडे दिवस?"

सध्या ती तसबीर त्या रिकाम्या भिंतीवर आहे. चित्रकाराचं नाव सापडलेलं नाही, म्हणून शेजारच्या कागदावर ती ओळ कोरी ठेवली आहे.