आरोपाला महिने, खुलाशाला मिनिटे



अभिनेता सुशांतसिंह राजपूत मृत्यू प्रकरणाचा तपास बंद करण्याचा अहवाल सीबीआयने मार्च २०२५ मध्ये न्यायालयात दिला. मी पाहिलेल्या बातमीपत्रात ही बातमी दोन मिनिटांत आटोपली. २०२० च्या पावसाळ्यात मात्र याच प्रकरणाने रोज रात्री घरातला टीव्ही अडवून ठेवला होता. सप्टेंबरमध्ये राज्यात दिवसाला २०,००० हून अधिक नवे करोना रुग्ण सापडत होते आणि चर्चा रंगत होती सुशांतची मैत्रीण, बंगाली अभिनेत्री रिया चक्रवर्तीवर.

तिच्यावरच्या आरोपांत ‘काळी जादू’ हा शब्द त्या दिवसांत पडद्यावर बिनदिक्कत झळकला. तोही डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, २०१३ मध्ये, जादूटोणाविरोधी कायदा करणाऱ्या राज्यात! आमच्या इमारतीत तेव्हा एक बंगाली मुलगी भाड्याने राहत होती. लॉकडाऊनमध्ये वरच्या मजल्यावरच्या आजींची औषधे तीच आणून द्यायची. बघता बघता लोक तिच्याशी बोलेनासे झाले. “या मुली पोरांना नादी लावतात हो,” असे एक शिकलीसवरलेली शेजारीण मला म्हणाली. दिवाळीआधी त्या मुलीने खोली सोडली. कारण तिने सांगितले नाही. मीही विचारले नाही, याची टोचणी आजही आहे.

लोकांना हवे तेच आम्ही दाखवतो, असे वाहिन्या सांगतात. हे मला मुळीच मान्य नाही. माझ्या शेजारणीचे बंगाली मुलींबद्दल आधी काही मतच नव्हते. रोज दोन-दोन तास ऐकून ते तयार झाले. ऑक्टोबर २०२० मध्ये एम्सच्या वैद्यकीय मंडळाने खुनाची शक्यता फेटाळली, तरी ते बदलले नाही, कारण ती गोष्ट तितक्याच आवाजात तिला कोणी सांगितलीच नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२१ च्या निकालात माध्यमांनी चालवलेल्या अशा खटल्यांवर कडक ताशेरे ओढले. दोन वाहिन्यांचे वार्तांकन प्रथमदर्शनी अवमानकारक असल्याचेही नोंदवले. कारवाई मात्र केली नाही.

वृत्तपत्रात चूक छापली गेली, तर तिची दुरुस्ती ठळकपणे छापावी, असा प्रेस कौन्सिलचा दंडक आहे. वाहिन्यांनाही तो लावावा, पण वेळेच्या मापाने. आरोपांना दिलेले सगळे तास परत मिळणार नाहीत, हे मला कळते. निदान आठवडाभर, आरोप झाले त्याच वेळेला, त्याच निवेदकाने तोंडाने सांगावे की आम्ही म्हणालो ते खरे निघाले नाही. खाली सरकणाऱ्या पट्टीतली एक ओळ चालणार नाही. माझी शेजारीण ती पट्टी वाचत नाही, ती निवेदकाचे ऐकते.

– एक वाचक, डोंबिवली